सहा पंखे असूनही संगणक का तापतो? कॅबिनेटमधल्या वाऱ्याची वाट

मे महिन्यात नागपूरला बहिणीकडे गेलो होतो. भाच्याने वर्षभर पैसे साठवून नवा संगणक असेंबल करून घेतला होता. पुढून आणि बाजूने काच, आत सहा पंखे आणि सगळे रंगीत दिव्यांचे. दिसायला देखणा. पण खेळ सुरू करून वीस मिनिटं झाली की चित्र अडखळायचं आणि पंखे इतके ओरडायचे की पलीकडच्या खोलीत ऐकू यावं. "मामा, अजून दोन पंखे लावू का?" हा त्याचा प्रश्न.

मी आधी उदबत्ती मागितली. कॅबिनेटच्या, म्हणजे संगणकाच्या पेटीच्या, उजव्या बाजूला जाळी होती, तिच्यामागे तीन पंखे. तिथे उदबत्ती धरली तर धूर आत ओढला जायला हवा होता. तो उलट माझ्याकडे आला. वरच्या जाळीवर धरली, धूर उसळून वर गेला. मागच्या पंख्याजवळ धरली, तिथूनही बाहेर. मग ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पडद्यावरचं चित्र घडवणारा भाग, बसतो तिथल्या मागच्या बारीक फटींजवळ उदबत्ती नेली आणि धुराची रेघ सरळ आत शिरली. सहाच्या सहा पंखे हवा बाहेर फेकत होते. आत येणारी हवा फटींमधून, सांध्यांमधून, जिथून वाट मिळेल तिथून चोरट्यासारखी येत होती. तीही मागून येत होती, म्हणजे नुकतीच बाहेर टाकलेली गरम हवा जिथे रेंगाळते तिथूनच.

हे असं का झालं ते पुढे सांगतो, कारण ही चूक फार लोकांच्या घरी सापडते. आधी पंखा नेमकं काय करतो ते पाहू.

पंखा हवा गार करत नाही. अंगावर पंख्याचा वारा आला की आपल्याला गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून. प्रोसेसरला, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेल्या चिपला, घाम येत नाही. कॅबिनेटमधल्या पंख्याचं काम एकच: तापलेली हवा हलवायची आणि तिच्या जागी खोलीतली हवा आणायची. त्यामुळे आतला कुठलाही भाग खोलीपेक्षा गार होऊच शकत नाही. खोली २५ अंशांवर असताना जो प्रोसेसर ७० अंशांवर चालतो, तोच खोली ४० अंशांवर गेली की साधारण ८५ वर जाणार. पुण्यातल्या डिसेंबरमधला आकडा आणि नागपूरच्या मे महिन्यातला आकडा म्हणूनच एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. दोन्हींतून खोलीचं तापमान वजा करा आणि जो फरक उरतो तो बघा. तो तुमच्या कॅबिनेटचा खरा गुण.

किती हवा लागते, याचा हिशेब अवघड नाही. एक मध्यम संगणक घ्या. आरटीएक्स ३०६० सारखं ग्राफिक्स कार्ड १७० वॉट घेतं, प्रोसेसरचे सत्तर-ऐंशी, मदरबोर्ड (सगळे भाग जोडलेला मुख्य बोर्ड), मेमरी, ड्राइव्ह आणि एसएमपीएसमध्ये (सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या डब्यात) वाया जाणारी वीज धरून जोर लावल्यावर ३०० वॉट म्हणू. संगणकात गेलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणजे कॅबिनेटमध्ये ३०० वॉटचा एक छोटा हीटर सतत पेटलेला आहे. आत आलेली हवा बाहेर पडेपर्यंत दहा अंशांनीच तापावी असं वाटत असेल, तर सेकंदाला साधारण २६ लिटर हवा बदलली पाहिजे. पाण्याची वीस लिटरची कॅन डोळ्यांसमोर आणा. तशी एक कॅन आणि वर थोडी, दर सेकंदाला. नेहमीच्या मध्यम टॉवर कॅबिनेटची आतली जागा पन्नास लिटरच्या आसपास असते, म्हणजे दोन सेकंदांत आतली सगळी हवा नवी झाली पाहिजे.

पंख्याच्या खोक्यावर ही हवा सीएफएममध्ये लिहिलेली असते, म्हणजे मिनिटाला किती घनफूट. आपले २६ लिटर म्हणजे साधारण ५५ सीएफएम. आता नॉक्टुआचा एनएफ-ए१२एक्स२५ हा नावाजलेला १२० मिलिमीटरचा पंखा पाहा. मिनिटाला २००० फेऱ्यांना तो ६० सीएफएम देतो. मग एका पंख्यात काम भागायला हवं की! भागत नाही, कारण तो आकडा मोकळ्या हवेतला असतो, पंख्यापुढे काहीच आडवं नसतानाचा. कॅबिनेटमध्ये पुढे फिल्टर, त्यापुढे जाळी किंवा काच, मागे केबलींचा गुंता. त्या अडथळ्यांमधून निम्मी हवा मिळाली तरी खूप. शिवाय २००० फेऱ्यांचा आवाज रात्री कुणाला चालणार?

म्हणून दोन-तीन पंखे लावायचे, आणि तेही हळू फिरवायला. यामागचं गणित मला फार आवडतं. पंख्याचा वेग निम्मा केला की हवाही निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. याउलट तशाच आवाजाचा दुसरा पंखा शेजारी लावला तर आवाज फक्त ३ डेसिबलने चढतो. म्हणजे एक पंखा भरधाव पळवण्यापेक्षा दोन पंखे सावकाश चालवले, तर हवा तेवढीच आणि खोली शांत. जास्त पंखे घ्यायचं खरं कारण हे आहे. पण त्यांची तोंडं बरोबर दिशेला असतील तरच.

आता भाच्याच्या चुकीकडे येऊ. कुठल्याही साध्या पंख्याला दोन तोंडं असतात. एका बाजूने पाती मोकळी दिसतात. दुसऱ्या बाजूला मधल्या मोटरला धरून ठेवणाऱ्या तीन-चार दांड्या असतात, वायरही तिथूनच निघते. हवा मोकळ्या बाजूने आत जाते आणि दांड्यांच्या बाजूने बाहेर पडते. काही पंख्यांच्या चौकटीवर बारीक बाणही कोरलेले असतात. अडचण अशी की पंख्याची देखणी बाजू ही मोकळी बाजू, म्हणजे हवा ओढणारी. कॅबिनेटच्या कडेला हवा आत घेणारा पंखा बसवला की काचेतून पाहणाऱ्याला दांड्या दिसतात, दिव्यांची शोभा जाते. दुकानातल्या मुलाने शोभेसाठी ते तिन्ही पंखे फिरवून बसवले होते. छान दिसले आणि उलटे चालले. याच गोष्टीसाठी आता उलट्या पात्यांचे पंखे मिळतात, त्यांत देखण्या बाजूने हवा बाहेर येते. रंगीत पंखा कडेला किंवा तळाला लावायचा असेल तर मागताना तसा सांगून घ्यावा.

जुन्या वाड्यात पुढच्या दारासमोर परसदार असायचं. दोन्ही उघडी ठेवली की माजघरातून झुळूक जायची. एकच दार उघडं असलं तर बाहेर कितीही वारा सुटला तरी घर कोंदट. कॅबिनेटचंही तसंच आहे. पुढचं दार कुठलं, मागचं कुठलं आणि वाटेत कोण बसलंय, एवढं ठरलं की बाकीचं आपोआप सुचत जातं. वाटेत बसलेले दोघे महत्त्वाचे: ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर. गार हवा आधी या दोघांपर्यंत पोचली पाहिजे, आणि त्यांनी तापवलेली हवा पुन्हा त्यांच्याच तोंडी न जाता बाहेर पडली पाहिजे.

नेहमीच्या कॅबिनेटमध्ये ही वाट पुढून मागे आणि थोडी वर अशी जाते. पुढे दोन पंखे आत, मागे एक बाहेर. माझं मत विचाराल तर बहुतेक घरगुती संगणकांना एवढं पुरतं. पुढच्या दोघांतला एक ग्राफिक्स कार्डाच्या उंचीवर असावा, कारण आज सगळ्यात जास्त उष्णता तेच सोडतं. दोन-तीन पंख्यांचं मोठं कार्ड ती उष्णता मागच्या फटीतून बाहेर टाकत नाही, कॅबिनेटमध्येच चहूकडे पसरवतं. मागचा पंखा प्रोसेसरच्या हीटसिंकच्या, म्हणजे त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, अगदी मागे येतो. हीटसिंकचा स्वतःचा पंखा मागच्या दिशेनेच हवा ढकलतोय ना, हे एकदा बघून घ्या. तो उलटा बसला असेल तर दोन पंखे समोरासमोर भांडत बसतात.

चौथा पंखा कुठे? जागा असेल तर पुढेच, तिसरा. नाहीतर वर, पण वरच्या मागच्या कोपऱ्यात, प्रोसेसरच्या डोक्यावर आणि बाहेर फेकणारा. वरच्या पुढच्या कोपऱ्यात बाहेर फेकणारा पंखा लावला की काय होतं, ते धुराने सहज दिसतं. पुढून नुकतीच आलेली गार हवा प्रोसेसरपर्यंत पोचण्याआधीच तो वर ओढून बाहेर टाकतो. पंखा वाढला आणि प्रोसेसरला मिळणारी ताजी हवा कमी झाली. ती जागा रिकामी ठेवलेली बरी.

"गरम हवा वर जाते, म्हणून वरचे पंखे जास्त हवेत," असं पुष्कळजण सांगतात. गरम हवा वर जाते हे खरं, पण किती जोराने? अर्धा मीटर उंचीच्या खोक्यात हवा दहा अंशांनी गरम असेल तर तिच्या वर जाण्याचा दाब पाण्याच्या उंचीत मोजला तर एका मिलिमीटरचा जेमतेम पन्नासावा भाग भरतो. वर सांगितलेला पंखा पूर्ण वेगाने अडथळ्याविरुद्ध २.३४ मिलिमीटर दाब लावू शकतो. शंभर पटींहून जास्त फरक आहे. पंखे चालू असताना हवा ते ढकलतील तिकडेच जाते, मग वर असो की खाली. म्हणून तळातून हवा आत घेणारे पंखे जसे चालतात, तशी वरून खाली वाट काढलेली कॅबिनेटंही चालतात. फ्रॅक्टल डिझाइनने २०२१ मध्ये आणलेल्या टॉरेंट कॅबिनेटला तर वर जाळीच नाही. पुढे १८० मिलिमीटरचे दोन, तळाला १४० चे तीन, सगळे आत घेणारे, आणि हवा मागच्या मोठ्या जाळीतून निघून जाते. एसएमपीएस वर ठेवला आहे, कारण तळ ग्राफिक्स कार्डाला हवा द्यायला मोकळा हवा होता. वाट आधी ठरवून मग पेटी बांधली की काय होतं, ते या रचनेत नीट दिसतं.

आत घेणारे पंखे जास्त की बाहेर टाकणारे, या वादात एक गोष्ट निसटते. जेवढी हवा आत येते तेवढीच बाहेर जाते, दर क्षणाला. आत साठून राहायला हवा म्हणजे काही टाकीतलं पाणी नव्हे. प्रश्न फक्त एवढाच की उरलेली हवा फटींमधून कुठल्या दिशेने वाहते. आत घेणाऱ्यांचा जोर जास्त असेल तर आतला दाब किंचित वाढतो आणि फटींमधून हवा बाहेर पडते. बाहेर टाकणाऱ्यांचा जोर जास्त असेल तर फटींमधून हवा आत येते आणि सोबत धूळ घेऊन येते, कारण फटींना फिल्टर नसतो. आपल्याकडे रस्त्याकडेची घरं, उन्हाळ्यातली वावटळ आणि शेजारी चालू असलेलं बांधकाम पाहता मी डोळे मिटून पहिल्या बाजूचा. फक्त मोजताना पंख्यांची संख्या मोजू नका. फिल्टरमागचा पंखा मोकळ्या पंख्याइतकी हवा देत नाही. पुढे दोन आणि मागे-वर मिळून दोन, हे बरोबरीचं वाटतं, पण प्रत्यक्षात ओढ बाहेरचीच असते. एक तरी पंखा आत घेणारा जास्त ठेवा, किंवा बाहेर टाकणाऱ्यांचा वेग कमी ठेवा.

पंखा विकत घेताना सीएफएमसोबत तो दाबाचा आकडाही पाहावा. पुढे घट्ट जाळी, जाड फिल्टर किंवा पाण्याने गार करणाऱ्या यंत्रणेचा रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारी जाळी) असेल तर दाब महत्त्वाचा. मागे मोकळ्या जाळीवर लावायचा पंखा साधाच पुरतो. आणि जिथे १४० मिलिमीटरचा बसतो तिथे १२० चा लावू नका. मोठी पाती हळू फिरूनही तेवढीच हवा देतात.

मदरबोर्डवरच्या चार पिनांच्या जागी पंखा जोडला की वेगावर नीट ताबा मिळतो. एक पिन ग्राउंडची, एक १२ व्होल्टची, एकीवरून पंखा आपल्या फेऱ्या कळवतो आणि चौथीवरून बोर्ड त्याला वेग सांगतो. अशा एका जागेतून साधारण एक अँपियरच घ्यावा. एकीवर पाच-सहा पंखे टांगायचे असतील तर वेगळी वीज घेणारा फॅन हब, म्हणजे बरेच पंखे एकत्र जोडायचा छोटा बोर्ड, घ्या.

इथे एक बारीक गोम आहे, आणि तिच्यापायी लोक महिनोन् महिने त्रास काढतात. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगांमध्ये, कॅबिनेटचे पंखे बहुधा प्रोसेसरच्या तापमानावर चालतात. खेळ चालू असताना मात्र तापत असतं ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर ६० अंशांवर निवांत, म्हणून पुढचे पंखे रेंगाळत फिरतात आणि कार्ड स्वतःच्याच गरम हवेत घुसमटतं. फॅनकंट्रोल नावाची मोफत आज्ञावली विंडोजवर मिळते. तिच्यात दोन्ही तापमानांपैकी जे जास्त असेल त्यावर पंखे बांधता येतात. ते करायचं नसेल तर पुढच्या पंख्यांचा किमान वेगच थोडा वाढवून ठेवा. दुसरी तक्रार म्हणजे एखादं पान उघडलं की पंखे अचानक घोंघावतात आणि पुन्हा शांत होतात. प्रोसेसरचं तापमान क्षणात दहा-पंधरा अंश उडी मारतं, पण हीटसिंक तेवढ्यात तापत नाही. बायोसमध्ये पंख्याच्या प्रतिसादाला काही सेकंदांचा उशीर लावला की हे थांबतं.

सगळं बसवून झाल्यावर तपासायचं कसं? खेळ किंवा एखादं जड काम अर्धा तास चालवा आणि तापमान लिहून ठेवा. मग बाजूची काच काढा, पुन्हा अर्धा तास. काच काढल्याने दोन-तीन अंशांचा फरक पडला तर तुमची वाट मोकळी आहे. दहा अंश उतरले तर कॅबिनेट गुदमरतंय, आणि बहुधा दोष पुढच्या बाजूचा असतो. पुढे सलग काच आणि कडेला बोटभर फट असलेल्या कॅबिनेटमध्ये पंखे कितीही भारी लावा, ते बंद खिडकीशी झगडत राहतात. उदबत्तीची परीक्षा तर सगळ्यात स्वस्त. फक्त ती जाळीपासून चार बोटं लांब धरा आणि राख पडणार नाही ते बघा.

आकडे वाचताना घाबरूनही जाऊ नये. हल्लीचे बरेच प्रोसेसर ९५ किंवा १०० अंशांपर्यंत चालायला बनवलेले असतात. तिथे पोचले की स्वतःच वेग कमी करतात. ८० अंश म्हणजे संकट नाही. सतत मर्यादेला टेकलेलं असणं आणि काम मंदावणं, ही काळजीची खूण.

राहिली खोली. आपल्याकडे संगणकाच्या टेबलाला "सीपीयू"साठी म्हणून एक लाकडी कप्पा असतो, तीन बाजूंनी बंद आणि कधी मागेही प्लायवूड. त्या कप्प्यात ठेवलेलं कॅबिनेट आपलीच उष्ण हवा पुन्हा पुन्हा पितं. ते बाहेर काढा, मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा आणि जमिनीवर जाड सतरंजी असेल तर तिच्यावर ठेवू नका, कारण एसएमपीएस बहुतेक वेळा खालूनच हवा घेतो. विदर्भात कूलरबद्दल नेहमी विचारतात. कूलरने खोली थंड झाली तर संगणकालाही ते हवंच आहे, आणि त्या हवेपेक्षा गरम असलेल्या भागांवर दव धरत नाही. मात्र कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. त्यात पाण्याचे बारीक थेंब असतात आणि ते वाळले की क्षार मागे राहतात.

फिल्टर महिन्यातून एकदा नळाखाली धुवा आणि पूर्ण वाळवून लावा. आतली धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. वाऱ्याने भरधाव फिरू दिली तर बेअरिंग खराब होतं.

भाच्याच्या संगणकाचं काम एका दुपारी झालं. कडेचे तिन्ही पंखे फिरवून बसवले. काचेतून आता दांड्या दिसतात, ते त्याने मान्य केलं. वरचा मागचा आणि मागचा असे दोन बाहेर टाकणारे ठेवले, वरचा पुढचा काढला. कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यातून काढून बाहेर, खिडकीच्या बाजूला ठेवलं. संध्याकाळी त्याने तोच खेळ तासभर खेळून पाहिला. ग्राफिक्स कार्ड दहा-अकरा अंशांनी उतरलं होतं, चित्र एकदाही अडखळलं नाही, आणि बहिणीने स्वयंपाकघरातून विचारलं, बंद केलास का रे? काढलेला सहावा पंखा त्याने पुसून टेबलाच्या खणात ठेवून दिला आहे, दुसरा एखादा बिघडला तर लावायला.